काचेखालची सैल पट्टी

गाडी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेली की डाव्या मागच्या दाराच्या काचेपाशी बारीक खडखड सुरू व्हायची, ७५ च्या आसपास तिची शीळ व्हायची आणि वेग उतरला की दोन्ही आवाज थांबायचे. गाडी १९६४ सालची, चार दारांची. तिच्या वयाच्या मानाने हा आवाज किरकोळ होता आणि मीही त्याला दोन वर्षे किरकोळच म्हणत आले. एकदा गाडी पुसताना फडके अडकले आणि काचेखालची चकचकीत पट्टी मागच्या टोकाला चांगली बोटभर वर आली, तेव्हा मात्र तिच्याकडे नीट पाहणे भाग पडले.

काच दारात जिथून उतरते त्या फटीच्या बाहेरच्या कडेने ही पट्टी आडवी बसवलेली असते. खिडकीभोवती आणखीही पट्ट्या असतात. एक काचेच्या चौकटीवर, एक टपाच्या कडेच्या पन्हळीवर चढवलेली, एक मागच्या छोट्या तिकोनी काचेभोवती. पण सैल होण्याचा मान बहुधा या आडव्या पट्टीकडेच जातो, कारण काच वर-खाली होताना तिच्या आतल्या रबरी ओठाला घासते, दार आपटले की झटका तिलाच बसतो आणि काचेवरून ओघळणारे पाणी तिच्याच मागे येऊन थांबते. मी तिला कमरपट्टी म्हणते आणि पुढेही तेच नाव वापरते. ती शोभेची वस्तू आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ती रबराला काचेवर दाबून धरणारी चिमट्याची एक बाजू आहे. पट्टी सैल झाली की रबर काचेपासून सुटते, पाणी दारात अधिक उतरते आणि त्या पाण्याने पट्टीला धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणखी गंजतात. खडखड सुरू होते तोवर हे चक्र बरेच फिरून झालेले असते.

आवाज कुठून येतो हे कानाने ठरवू नये, असे मी अनुभवाने सांगेन. काच आणि टप यांवरून तो परावर्तित होतो आणि मागच्या दाराचा आवाज समोरच्या काचेशेजारच्या खांबाचा वाटतो. मी कमरपट्टीच्या वरच्या व खालच्या कडेवर पूर्ण लांबीभर मास्किंग टेप लावून गाडी चालवली. खडखड व शीळ दोन्ही गेली. मग टेपचा एकेक वीतभर तुकडा काढत तोच रस्ता पुन्हा पुन्हा कापला. मागच्या टोकाकडचा तुकडा काढल्यावर खडखड परतली, आणि मधला काढल्यावर शीळ. वेगाचा या आवाजाशी संबंध सरळ आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६० वरून ९० वर गेले तर वेग दीडपट होतो, पण जोर सव्वादोनपट. शिवाय पुढच्या खांबाला वळसा घालून हवा काचेच्या अंगाने वेगाने सरकते तेव्हा तिथला दाब गाडीतल्या दाबापेक्षा कमी होतो, त्यामुळे सैल पट्टी आत दाबली न जाता बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीत पट्टी हाताने दाबून ‘घट्ट तर आहे’ असे म्हणणे म्हणूनच फसवे ठरते. दाबायचे ते अंगठ्याने, दर पाच सेंटीमीटरवर, आणि पाहायचे ते अंगठा उचलल्यावर पट्टी किती परत येते. जिथे ती परत आली तिथे टेपवर पेन्सिलीने खूण केली. अशा खुणा दोन जागी निघाल्या, आणि त्या टेपच्या परीक्षेशी जुळल्या.

इथे एक कबुली द्यायला हवी. हीच पट्टी चार वर्षांपूर्वी जरा सुटली होती, तेव्हा मी तिच्या मागे सिलिकॉनची नळी रिकामी केली होती. काम दहा मिनिटांत झाले आणि त्या दिवशी मला स्वतःचे कौतुकही वाटले होते. त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास होता. तो वास म्हणजे घट्ट होताना त्यातून बाहेर पडणारे ॲसेटिक आम्ल. ते उघड्या पोलादी पत्र्याला गंजवते. त्यातच सिलिकॉनने पाणी बाहेर अडवण्याऐवजी आत शिरलेले पाणी अडवून धरले, कारण त्याने क्लिपांच्या मधल्या मोकळ्या वाटा बुजवल्या होत्या. आता पट्टी उघडल्यावर जिथे सिलिकॉन होते नेमका तिथेच पत्रा सर्वांत अधिक खाल्लेला आढळला. आणखी एक त्रास म्हणजे सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की त्यावर रंग धरत नाही. रंगात माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोके पडतात. तो अंश काढायला मला एक पूर्ण दिवस लागला. आधी प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडून, मग सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने, दर वेळी नवे फडके घेऊन. तेच फडके पुन्हा फिरवले तर तो अंश निघत नाही, फक्त पसरतो.

पट्टी बाहेरून उपटायची नाही, हा या कामातला सर्वांत मोठा नियम आहे आणि तो पाळायचा तर दार आतून उघडावे लागते. काच वर-खाली करण्याचे हँडल माझ्या गाडीत घोड्याच्या नालेच्या आकाराच्या स्प्रिंगने धरलेले आहे. हँडल आणि त्यामागची चकती यांच्यामध्ये पातळ कापडाची पट्टी घालून बूट चमकवतात तशी दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढली की स्प्रिंग कापडात अडकून बाहेर येते. बाहेर कसली, उडते. चष्मा घालावा आणि खाली चादर अंथरावी. हँडल काढण्यापूर्वी काच पूर्ण वर असताना ते कोणत्या दिशेला होते याचे छायाचित्र घ्यावे. दाराचे आतले आच्छादन निघाले की त्यामागे प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा दिसतो. अनेक जण तो फाडून फेकून देतात. दारात उतरलेले पाणी आच्छादनाच्या पुठ्ठ्याला लागू न देता खालच्या भोकांकडे नेणे हे त्याचे काम असते, म्हणून तो फाटलेला असला तर नवा कापून लावावा.

काच शक्य तितकी खाली घेतली. खालचा रबरी अडथळा सैल केल्यावर ती आणखी दोन बोटे उतरली आणि पट्टीच्या आतल्या बाजूला हात जाण्याइतकी जागा झाली. पट्टीखालच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन थर दिले. दाराच्या मागच्या कडेला, दार बंद असताना दिसत नाही अशा जागी एक छोटा स्क्रू होता. तो आधी न काढता पट्टी ओढली असती तर टोक हमखास मुडपले असते. त्यानंतर एका मोडक्या लाकडी पट्टीच्या घासून केलेल्या दोन पाचरी खाली सरकवल्या, आतून अरुंद पकडीने एकेका क्लिपचे पाय चिमटले आणि प्रत्येक क्लिप थोडी थोडी, सगळ्या सारख्या प्रमाणात मोकळ्या केल्या. स्क्रूड्रायव्हरने एका टोकापासून उचलत जाण्याचा मोह होतो, पण ही पट्टी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची असते. ती एकदा मुडपली की घडी पडते आणि स्टेनलेस स्टील वाकल्या जागी आणखी कठीण होत असल्याने ती घडी पूर्णपणे कधीच जात नाही.

नऊ क्लिपा होत्या. चार शाबूत, तीन एका पायाने लंगड्या, आणि दोन क्लिपांच्या जागी फक्त तपकिरी भुकटी. सगळ्या क्रमाने टेपवर चिकटवून त्यांना आकडे दिले. लंगड्या आणि नाहीशा झालेल्या क्लिपांचे आकडे टेपवरच्या पेन्सिलीच्या खुणांशी जुळले तेव्हा समाधान वाटले, हे कबूल करते.

पुढे जाण्यापूर्वी पट्टी कशाची आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण एका धातूचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. लोहचुंबक चिकटले तर ती बहुधा १६ ते १८ टक्के क्रोमियम असलेल्या, निकेल नसलेल्या स्टेनलेसची असते. क्रोमचा मुलामा दिलेले साधे पोलादही चुंबकाला चिकटते, पण त्याच्या कडांना व पाठीला गंज दिसतो. चुंबक चिकटले नाही तर निकेलयुक्त स्टेनलेस, ॲल्युमिनियम, पितळ किंवा जस्ताचे ओतीव काम यांपैकी काहीही असू शकते. ॲल्युमिनियम हातात घेताच कळते, त्याचे वजन स्टेनलेसच्या एकतृतीयांश. त्यावर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा, थर असेल तर मल्टिमीटरची दोन टोके हलकेच टेकवूनही वीज वाहत नाही, कारण तो थर विजेला अडवतो. असा थर असलेली पट्टी पॉलिशपेपरने घासू नये आणि तीव्र अल्कलीही लावू नये. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन साफ करण्याचे द्रावण हा थर खाऊन टाकते. मुलामा दिलेल्या जस्तावर फोड आणि खड्डे येतात, आणि ते वाकवायला गेले तर तुटते. माझी पट्टी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसची निघाली, म्हणजे सर्वांत सोशीक. स्टेनलेसच्या या सोशिकपणाचा एक दाखला मला फार आवडतो. १९३६ साली फोर्ड आणि अलेघनी (पुढची अलेघनी लडलम) या पोलाद कंपनीने मिळून सहा मोटारींची संपूर्ण शरीरेच स्टेनलेसची केली, आणि त्यांतल्या काही गाड्या आजही चकचकीत आहेत. अर्थात त्यांचे दार ठोकून सरळ करणाऱ्याचे काय हाल झाले असतील, तो विचार वेगळा.

आता मूळ प्रश्न. पट्टी साठ वर्षे टिकते आणि क्लिप का टिकत नाही? क्लिप स्प्रिंग स्टीलची असते, म्हणजे तिचा जीव तिच्या ताणात असतो. गंजाने तिची जाडी थोडीशी कमी झाली तरी पकड फार कमी होते, कारण अशा पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी २० टक्के घटली की ताठरपणा जवळपास निम्मा होतो. ०.८ चा घन केला की ०.५१ येतात. म्हणजे क्लिप दिसायला ठीक असते, हाताला लागतेही, पण पट्टीला धरत मात्र नाही. मी शाबूत म्हटलेल्या चार क्लिपांपैकी दोन अशाच निघाल्या.

गंजही उगाच वेगाने येत नाही. दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांतला सहज गंजणारा धातू झिजतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली बाब म्हणजे त्यात क्षेत्रफळाचे गणित असते. मोठ्या स्टेनलेस पट्टीच्या कुशीत छोटी पोलादी क्लिप असेल तर झिजण्याचा सगळा भार त्या छोट्या क्लिपवर येतो आणि ती झपाट्याने संपते. उलट मोठ्या पोलादी पत्र्यात एक छोटा स्टेनलेस स्क्रू असेल तर तोच भार पत्र्यावर विखुरला जातो आणि तितकासा जाणवत नाही. पण यातही एक खोच आहे. पत्रा चांगला रंगवलेला असेल आणि भोकाच्या कडेलाच तेवढा रंग खरवडलेला असेल, तर उघडे पोलाद पुन्हा अगदी थोडे उरते आणि सगळा हल्ला तिथे एकवटतो. म्हणून स्टेनलेसच्या क्लिपा घातल्या की काम संपले असे होत नाही. भोकाची कड झाकणे हेच मुख्य काम राहते.

पाणी तिथे मुळात का साचते याचे उत्तर मात्र पट्टीपाशी नव्हते, ते दाराच्या तळाशी होते. तळाच्या तीन निचऱ्याच्या भोकांपैकी दोन चिखलाने आणि कुजलेल्या पानांनी पूर्ण बुजलेली होती. दारात पाणी साचून राहिले, ऊन पडले की त्याची वाफ वर चढून रात्री पट्टीच्या आतल्या पन्हळीत थेंब होऊन बसत असे. वरून होणारा ओलावा रबराच्या कडक झालेल्या ओठामुळे आणि खालून होणारा या भोकांमुळे, अशा दोन्हींच्या मध्ये क्लिपा सापडल्या होत्या. भोके तारेने मोकळी केली आणि एक तांब्या पाणी आत ओतून ते तळातून लगेच बाहेर येते ना हे पाहिले. पाच मिनिटांच्या या कामाचे महत्त्व बाकी सगळ्या दुरुस्तीइतकेच आहे.

पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिशपेपरने काढला. उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावले, ते सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवले, मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. नऊपैकी तीन भोके मूळ ६ मिलिमीटरऐवजी खाल्ली जाऊन ८-९ मिलिमीटरची वेडीवाकडी झाली होती. ती पुट्टीने भरून पुन्हा पाडावीत असा सल्ला मिळतो. तो मानू नये, कारण क्लिपचा पाय भोकाच्या कडेवर सतत ताण देतो आणि पुट्टीची कड भुगा होऊन निघते. मागे तांब्याचा जाड तुकडा धरून भोक वेल्डिंगने भरणे हाच टिकाऊ मार्ग, कारण वितळलेले पोलाद तांब्याला चिकटत नाही. माझा हात वेल्डिंगमध्ये तितका बसलेला नाही, म्हणून ते काम जाणत्या हाताकडून करून घेतले, तेही काच दारातून पूर्ण बाहेर काढल्यावर. वेल्डिंगची ठिणगी काचेवर पडली तर तिच्यात रुतून कायमचा खड्डा करते.

पट्टीवर दोन पोचे होते. ते काढण्याची रीत सावकाशीची आहे. पट्टीचा चकचकीत भाग शिसवीसारख्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पालथा ठेवायचा आणि आतून बोथट लाकडी दांडीने, छोट्या हातोडीचे अनेक हलके ठोके देत पोचा वर आणायचा. दर दहा-बारा ठोक्यांनंतर पृष्ठभागावर शाईचा हात फिरवून बारीक सपाट कानस नुसती टेकवत न्यायची. जिथली शाई पुसली जाते तो उंचवटा, जिथे राहते तो खळगा. ‘अजून एक ठोका’ हा या कामातला शत्रू आहे. पत्रा एकदा ताणला गेला की उंचवटा बसवणे खळगा उचलण्याहून अवघड जाते. त्यानंतर ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासह, दर वेळी आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत, आणि शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमक आणणे. बफिंगच्या चाकाबद्दल इशारा दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चाकाने पट्टीची कड पकडली तर ती हातातून हिसकावून कोयत्यासारखी फेकते. पट्टी लाकडी फळीवर पक्की बांधावी, चाक नेहमी कडेवरून बाहेरच्या दिशेने सुटेल असे काम करावे, सैल बाह्या व सैल हातमोजे टाळावेत.

नव्या क्लिपा घेताना ‘या मापाच्या चालतात’ या शब्दावर विसंबू नये. माझ्या पट्टीच्या आतल्या पन्हळीचे तोंड व्हर्नियर या मोजपट्टीने ११ मिलिमीटर भरले आणि आतील रुंदी १४. क्लिपचे डोके या दोहोंच्या मधले हवे. ती मोठी असेल तर घट्ट बसल्याचा आनंद होतो खरा, पण ती पट्टीच्या दुमडलेल्या कडा हळूहळू उघडत जाते, आणि मग क्लिप नवी असूनही पट्टी कायमची सैल होते. जस्ताचा मुलामा असलेल्या स्प्रिंग स्टीलच्या क्लिपा मी घेतल्या. जुन्या क्लिपा आम्लात बुडवून साफ कराव्यात हा विचार मनात आला होता, तो सोडून दिला, कारण आम्लातून निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि क्लिप ताणाखाली चार दिवसांनी काही कारण नसताना तडकते. घट्ट असलेली क्लिप ज्योतीवर लाल करून वाकवणे हेही तसेच, तिचा ताठा जातो आणि ती नुसता पत्र्याचा तुकडा उरते.

प्रत्येक भोकाच्या कडेला मेणाचा थर फिरवला आणि प्रत्येक क्लिपच्या बुडाशी ब्युटिल या चिकट रबरी टेपची नखाएवढी गोळी ठेवली. ब्युटिल कधी कडक होत नाही, क्लिप दाबली की भोकाभोवती पसरते, आणि पुढे कधी पट्टी काढायची झाली तर तारेसारखे लांबत का होईना, सुटते. दुहेरी फोम टेपबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण क्लिपांना पर्याय म्हणून ती हमखास सुचवली जाते. चांगली ॲक्रिलिक फोम टेप खरोखर बळकट असते. पण तिला स्वच्छ, सपाट आणि उबदार पृष्ठभाग लागतो, साधारण २१ ते ३८ अंश सेल्सियस तापमान लागते, आणि पूर्ण जोर धरायला ७२ तास लागतात. मूळ रचनाच टेपची असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला ती योग्य आहे. जिथे रबराचा ओठ काचेच्या प्रत्येक फेरीत पट्टीला बाहेर ढकलतो तिथे तिच्यावर सोलून काढणारा ताण येतो, आणि या ताणापुढे टेप सर्वांत दुबळी पडते.

रबराचा ओठ मूळ पट्टीला छोट्या पोलादी टाचण्यांनी जोडलेला होता. साठ वर्षांत ते रबर लाकूड झाले होते. ओझोन आणि ऊन यांना टिकणारे ई.पी.डी.एम. रबर घेतले, पृष्ठभागावर मऊ लव असलेले, म्हणजे काच करकरत नाही. इथे माझ्याकडून चूक झाली. पट्टीशी अगदी बरोबर लावून मी रबर कापले, आणि ते बसवताना नकळत ताणले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या टोकाला चार मिलिमीटर पट्टी उघडी दिसली. रबर ताणून बसवले की ते आपल्या मूळ लांबीवर परत येते. दुसरा तुकडा सहा मिलिमीटर लांब कापला, दोन्ही टोके आधी बसवली आणि उरलेली लांबी मध्ये दाबून सामावली. फटीच्या आतल्या बाजूची नमद्याची पट्टीही त्याच वेळी बदलली, कारण काच दोन्ही बाजूंनी सारखी धरली गेली नाही तर नवे रबर एका अंगाने लवकर झिजते.

बसवण्याची वेळ आली तेव्हा आधी मेण व ब्युटिल न लावता एक कोरडी तालीम केली. ती केली नसती तर पुढच्या दाराच्या पट्टीच्या रेषेपेक्षा ही पट्टी दीड मिलिमीटर खाली बसते हे शेवटी कळले असते. वेल्डिंगने भरलेली भोके पुन्हा पाडताना किंचित खाली सरकली होती; गोल कानशीने वरच्या बाजूला घासून आणि त्या कडेला पुन्हा रंग लावून ते निभावले. मग मधल्या क्लिपपासून दोन्ही टोकांकडे, हाताच्या तळव्याने थाप देत पट्टी बसवली. क्लिप बसल्याचा टक्क असा आवाज नऊ वेळा मोजायचा. मला आठच ऐकू आले. सातव्या क्लिपचा पाय भोकाबाहेर वाकून पडला होता, तो आतून पकडीने ओढून घेतल्यावर नववा आवाज आला. मागच्या कडेचा स्क्रू सर्वांत शेवटी, नायलॉनच्या वॉशरसह, आणि फक्त टेकेल इतकाच घट्ट. काच बसवून ती हळूहळू वर घेतली. रबराचा ओठ पूर्ण लांबीभर दोन-तीन मिलिमीटर वाकत होता, आणि कागदाची चिठ्ठी काच व रबर यांच्यामध्ये ठेवून ओढली तर सगळीकडे सारख्याच जोराने निघत होती.

दाराचे आतले आच्छादन त्याच दिवशी लावण्याची घाई केली नाही. धाकटा भाऊ दिवा घेऊन आत बसला आणि मी बाहेरून पाइपने, धार न मारता, काचेवरून दहा मिनिटे पाणी ओघळू दिले. थोडे पाणी आत येतेच, ते यायचेच असते. पाहायचे ते इतकेच की ते काचेच्या पोटाशी सरळ खाली जाते, क्लिपांवर साचत नाही आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. एका जागी, तिसऱ्या क्लिपखाली, थेंब लोंबकळत होता. तिथली ब्युटिलची गोळी कमी पडली होती. ती वाढवली, पुन्हा पाणी सोडले आणि मगच नवा पडदा, आच्छादन आणि हँडल, छायाचित्रात होते त्याच दिशेला.

या गोष्टीला आता दोन पावसाळे होऊन गेले आहेत. पट्टी अंगठ्याला कुठेही दबत नाही आणि तळाची भोके मी दर दोन महिन्यांनी तारेने टोकरते. खडखड गेल्यामुळे मात्र आजवर तिच्या आड दडलेला एक आवाज मोकळा झाला आहे. ८५ च्या पुढे त्याच बाजूच्या तिकोनी काचेपाशी अगदी बारीक शीळ येते. सध्या तिथे मास्किंग टेपचे तीन तुकडे लावलेले आहेत, त्यांतला वरचा उद्या काढून पाहणार आहे.